डेस्मो सर्व्हिसचे पैसे घेतले, मग १६ मापे कुठे आहेत?

प्रति,
मा. व्यवस्थापक,
सर्व्हिस विभाग, पुणे वर्कशॉप

विषय: डुकाटी ८४८ इव्हो मोटरसायकलच्या डेस्मो सर्व्हिसचे (इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या फटी मोजून जुळवण्याचे) आणि नवीन बेल्टचे पैसे घेऊन काम न केल्याबाबत, तसेच गाडीचे मूळ सायलेन्सर परत न दिल्याबाबत.

संदर्भ: आपले जॉबकार्ड व बिल, माझे दोन ईमेल (प्रती सोबत)

महोदय,

माझी २०११ ची डुकाटी ८४८ इव्हो मी मार्चमध्ये आपल्या वर्कशॉपला दिली. कोल्हापूरहून ती टेम्पोत बांधून आणली होती. इंजिनातले व्हॉल्व्ह चालवणाऱ्या बेल्टची मुदत उलटली होती आणि तसल्या बेल्टवर पुण्यापर्यंत इंजिन चालवायची माझी तयारी नव्हती. गाडी आपल्याकडे एकोणीस दिवस होती. बिल ९४,६०० रुपये झाले. त्यातले ७१,००० डेस्मो सर्व्हिस आणि दोन नवीन बेल्टचे, उरलेले पुढचे स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक), चेन आणि रिअरसेटचे (पाय ठेवायच्या जोडणीचे). घासाघीस न करता मी सगळे पैसे त्याच दिवशी भरले.

हे पत्र लिहिताना गाडीतून निघालेले दोन बेल्ट माझ्यासमोर टेबलावर आहेत. एका बेल्टवर पांढऱ्या मार्करने "२१,४००" लिहिले आहे. अक्षर माझे आहे. गेल्या वेळी बेल्ट बदलले तेव्हा मी मेकॅनिकच्या शेजारी उभा होतो आणि किती किलोमीटरला बदलले ते विसरू नये म्हणून मीच तो आकडा बेल्टवर लिहिला होता. आपण नवीन बेल्टचे पैसे घेतलेत आणि माझ्याच हस्ताक्षराचा बेल्ट माझ्याच गाडीत ठेवून मला घरी पाठवलेत.

हे कसे उघडकीस आले ते सांगतो. गाडी घेऊन मी त्याच संध्याकाळी निघालो. खंबाटकीपर्यंत काही जाणवले नाही. साताऱ्याच्या पुढे गिअर बदलताना धक्के बसू लागले आणि कराडच्या अलीकडे मागून घरघर यायला लागली. ढाब्याच्या उजेडात चेन बोटाने दाबून पाहिली तर ती तंबोऱ्याच्या तारेसारखी ताठ. या गाडीचा मागचा आर्म एकाच बाजूचा आहे. त्याच्या एक्सेंट्रिक हबचे बोल्ट सैल करून हब फिरवला की चेन ताणली किंवा सैल होते. चेन सगळीकडे सारखी नसते, म्हणून चाक फिरवत फिरवत ती सर्वांत ताठ कुठे आहे ते शोधायचे आणि माप तिथे घ्यायचे. तसे न करता कुठेतरी एका जागी पाहून बोल्ट आवळले की सस्पेन्शन दबल्यावर सगळा ताण गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. माझ्याकडे तिथे पाना नव्हता. उरलेला रस्ता मी चाळीसच्या वेगाने कापला आणि रात्री एकच्या सुमारास घरी पोहोचलो.

सकाळी आपल्याला फोन केला. इंजिनच्या वरच्या बाजूनेही टकटक ऐकू येते, असे सांगितले. आपल्या सर्व्हिस ॲडव्हायझरचे उत्तर मी तेव्हाच वहीत लिहून ठेवले आहे: "इटालियन गाडी आहे साहेब, आवाज करणारच. डुकाटीचा क्लच वाजतोच."

या वाक्याचा मला बेल्टपेक्षाही जास्त राग आहे. डुकाटीचा क्लच वाजतो ही गोष्ट ड्राय क्लचच्या गाड्यांची आहे. डुकाटीच्याच ९१६ ला तो होता, १०९८ ला होता. प्लेटा तेलात नसतात, म्हणून त्यांचा खुळखुळाट होतो आणि अनेकांना तो आवडतो. पण ८४८ ला कंपनीने पहिल्यापासून तेलातला क्लच दिला आहे. तो तसा वाजत नाही. जो माणूस बड्या इटालियन गाड्यांचा विशेषज्ञ म्हणून ग्राहकांशी बोलतो त्याला ही एवढी गोष्ट माहीत नसावी? की माहीत असूनही समोरच्याला माहीत नसेल असे धरून चालायचे? दोन्हींतले काहीही असले तरी ते मला मान्य नाही.

मी टूलरूमचा माणूस आहे. शिवाजी उद्यमनगरात शिकलो, आता शिरोलीला माझे छोटे युनिट आहे. आम्ही डाय बनवतो. आमच्याकडे माल गेटबाहेर जातो तेव्हा सोबत इन्स्पेक्शन रिपोर्ट जातो: ड्रॉइंगवरचे माप, मिळालेले माप, आणि खाली मोजणाऱ्याची सही. "चेक्ड ओके" एवढेच लिहिलेला कागद ग्राहक आमच्या तोंडावर फेकेल. आपल्या जॉबकार्डवर व्हॉल्व्हच्या रकान्यात हेच दोन शब्द आहेत आणि त्याखेरीज काहीही नाही.

डेस्मोमध्ये माप म्हणजे काय, हे आपल्या वरिष्ठांपैकी कुणी हे पत्र वाचेल तर त्यांच्यासाठी लिहितो. साध्या इंजिनात कॅम व्हॉल्व्ह उघडतो आणि स्प्रिंग तो बंद करते. फेरे वाढले की स्प्रिंग मागे पडते, व्हॉल्व्ह हवेत तरंगतो. बोलोन्याच्या कारखान्यात फाबिओ तालिओनी या इंजिनिअरने १९५६ साली १२५ सीसीच्या रेसिंग गाडीत यावर उपाय केला. व्हॉल्व्ह उघडायला एक रॉकर (कॅमवर हलणारी दांडी) आणि बंद करायला दुसरा. स्प्रिंगच्या भरवशावर काही ठेवलेच नाही. १९६८ पासून ही रचना रस्त्यावरच्या डुकाटीत आली आणि माझ्या गाडीतही तीच आहे. म्हणूनच या गाडीत प्रत्येक व्हॉल्व्हला दोन फटी मोजाव्या लागतात, एक उघडणाऱ्या बाजूची आणि एक बंद करणाऱ्या बाजूची. दोन सिलेंडर, प्रत्येकी चार व्हॉल्व्ह, म्हणजे सोळा मापे. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो आणि तो शिम (मोजून घेतलेल्या जाडीचे छोटे तुकडे) बदलून काढायचा असतो. उघडणाऱ्या बाजूची फट संपली तर व्हॉल्व्ह आपल्या सीटवर पुरता बसत नाही, गरम राहतो आणि शेवटी जळतो.

इव्होची पूर्ण ताकद मिनिटाला १०,५०० फेऱ्यांना मिळते. कॅम त्याच्या निम्म्याने फिरतो, म्हणजे एक व्हॉल्व्ह सेकंदाला सुमारे ८७ वेळा उघडतो आणि बंद होतो. हे सगळे दोन रबरी बेल्टवर चालते. बेल्ट तुटला किंवा दात सरकला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि हेड गेले असे समजायचे. त्यासाठीच बेल्टची मुदत किलोमीटरमध्ये आणि वर्षांत अशी दोन्ही दिलेली असते आणि जे आधी येईल ते धरायचे असते. मी फक्त पैशांसाठी भांडत नाही. तो बेल्ट घाटात तुटला असता तर मागचे चाक लॉक होऊ शकले असते आणि त्या गाडीवर मी होतो.

येथील एका जुन्या मेकॅनिकने माझ्यासमोर बेल्टची कव्हरे उघडली आणि माझे अक्षर दिसले. पुढे आम्ही दोनपैकी आडव्या सिलेंडरपर्यंत गेलो. तिथे पोहोचायला फेअरिंग आणि टाकी काढावी लागते, रेडिएटर सोडवून पुढे घ्यावा लागतो. व्हॉल्व्ह कव्हरच्या कडेला मागच्या वेळी लावलेले राखाडी सीलंट जसेच्या तसे होते, कुठेही चीर नाही. ते कव्हर आपल्याकडे उघडलेच गेले नव्हते. फीलर गेजने सोळा मापे घेतली. तीन मर्यादेबाहेर होती आणि त्यातली दोन एक्झॉस्टच्या उघडणाऱ्या बाजूची. टकटक कुठून येत होती तेही समजले. फोटो, व्हिडिओ आणि मापांचा तक्ता सोबत जोडला आहे. तक्त्यावर मोजणाऱ्याची सही आहे.

आता सायलेन्सरबद्दल. जॉबकार्डवर माझ्या हाताने लिहिलेले आहे: पुढचे स्प्रॉकेट १५ ऐवजी १४ दातांचे, आणि पायाची जागा बदलता येईल असे रिअरसेट. गावातल्या गर्दीत पहिला गिअर फार लांब पडतो म्हणून स्प्रॉकेट, आणि माझा गुडघा आता पूर्वीसारखा दुमडत नाही म्हणून रिअरसेट. या दोनच गोष्टी मी मागितल्या होत्या. गाडी घ्यायला आलो तेव्हा सीटखालचे दोन्ही मूळ सायलेन्सर गायब होते, त्या जागी उघड्या नळकांड्यांसारखे दुसरे बसवलेले होते आणि ईसीयूमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) वेगळा मॅप, म्हणजे इंधनाची वेगळी सेटिंग, टाकलेला होता. "आमच्याकडून कॉम्प्लिमेंटरी, आता गाडी खरी बोलेल," असे मला सांगण्यात आले. मूळ सायलेन्सर मागितले तेव्हा गोडाऊनमधून कुरिअर करतो म्हणालात. दोन ईमेल केले, उत्तर नाही.

गाडी माझी आहे. तिला काय बसवायचे ते मी ठरवणार. बदल करण्याच्या मी विरोधात नाही, कित्येक रविवार मी त्यातच घालवले आहेत. ब्रेक-क्लचच्या लिव्हरपासून हँडलच्या जाडीपर्यंत मी माझ्या लेथवर केलेले बरेच काही त्या गाडीवर आहे. पण प्रत्येक बदल उलटा फिरवता आला पाहिजे, हा माझा नियम आहे. मूळ भाग तेल लावून, कागदात गुंडाळून, नाव घालून फळीवर ठेवलेले असतात. ९१६ पासून चालत आलेली ती सीटखालची जोडी या गाडीची ओळख आहे. १९९४ साली मासिमो तांबुरिनी या डिझायनरने तो आकार दिला. मी तेव्हा विद्यार्थी होतो आणि मासिकातून कापलेला तो फोटो कित्येक वर्षे माझ्या पाकिटात होता. २०१३ मध्ये ८९९ पानिगाले आली आणि ८४८ चा काळ संपला. ८४८ चे मूळ सायलेन्सर आज सहजासहजी मिळत नाहीत, आणि चांगल्या अवस्थेतल्या जोडीला काय किंमत येते हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

शिवाय १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे. आपण बसवलेल्या नळकांड्यांनी माझ्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांची झोप उडाली. पोलीस अशा सायलेन्सरवर रोडरोलर फिरवतात ते योग्यच करतात. उद्या दंड झाला तर तो माझ्या नावावर होईल, आपल्या नाही. आवाज करून दाखवायची मला हौस नाही. इंजिन नीट ट्यून झालेले असते तेव्हा सहा हजारांच्या पुढे एअरबॉक्समधून जो आवाज येतो तो मला पुरतो.

आपल्याकडे काम करणाऱ्या मुलांवर माझा राग नाही, हे स्पष्ट लिहितो. त्यातल्या एकाला मी रिअरसेट बसवताना पाहिले. हात चांगला आहे, टॉर्क रेंच लावल्याशिवाय त्याने एक बोल्ट सोडला नाही. ज्या मुलाला अशी सवय आहे त्याला सोळा मापे घ्यायला पुरेसे दिवस दिलेत तर तो घेईल. एका दिवसात गाडी उरका असे त्याला वरून सांगितले गेले असेल तर दोष सांगणाऱ्याचा आहे. या पत्रामुळे एखाद्या मेकॅनिकची नोकरी गेली तर मला ते चालणार नाही.

माझे म्हणणे असे आहे. डेस्मो सर्व्हिस आणि बेल्टचे ७१,००० रुपये पूर्ण परत करा. माझे मूळ दोन्ही सायलेन्सर, त्यांच्या क्लॅम्प आणि हीटशील्डसह, चांगल्या अवस्थेत माझ्या पत्त्यावर पाठवा. आपण बसवलेली जोडी मी इथे काढून ठेवली आहे, तिला ओरखडाही नाही. आपला माणूस मूळ जोडी घेऊन आला की ती घेऊन जाऊ शकतो. ईसीयूमधला मूळ मॅप आपण बदलण्यापूर्वी सेव्ह केला असेल तर ती फाइल द्या, नसेल तर मूळ मॅप टाकून घेण्याचा खर्च द्या. चेन अति ताठ ठेवल्याने शाफ्टच्या बेअरिंगला इजा झाली आहे का याची तपासणी मी करून घेत आहे. इजा निघाली तर तो खर्चही आपल्याकडे मागणार आहे. आणि कोणती कव्हरे उघडली, कोणती नाही, याचे लेखी उत्तर मला आपल्या लेटरहेडवर, सहीसह हवे आहे. पुढच्या सर्व्हिसवर सवलत किंवा कूपन देऊ नका. ती गाडी मी आपल्याकडे पुन्हा आणणार नाही.

हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवत आहे. मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल मी कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. मी जिथे राहतो तिथे ती दाखल करण्याचा मला हक्क आहे, त्यासाठी पुण्याला खेटे घालावे लागणार नाहीत. बेल्ट तोवर मी प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद करून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन ठेवले आहेत.

गाडी सध्या स्टँडवर उभी आहे. नवीन बेल्ट बसले, तीन शिम यायचे आहेत.

आपला ग्राहक,
(सही)
शिरोली, जि. कोल्हापूर

सोबत: जॉबकार्ड व बिलाच्या प्रती, बेल्टचे व व्हॉल्व्ह कव्हरचे फोटो, व्हिडिओचा पेनड्राइव्ह, सोळा मापांचा सही केलेला तक्ता, दोन ईमेलच्या प्रती.