तळघरातले पिनबॉल भंगारात देऊ नका

महोदय,

अमेरिकेत जुने घर विकत घेणाऱ्या मराठी कुटुंबांना तळघरात कधीकधी पिनबॉलचे (उतरत्या फळीवर धातूचा चेंडू खेळवून गुण मिळवायच्या खेळाचे) बंद यंत्र सापडते आणि ते अडगळ म्हणून भंगारात जाते. अशी यंत्रे जमवून दुरुस्त करणाऱ्या माझ्यासारख्याचा जीव त्यामुळे तुटतो.

1947 साली गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’त विजेवर चालणारे सहा फ्लिपर, म्हणजे चेंडू परत वर टोलवणारे छोटे दांडे, आले, तेव्हा कुठे चेंडू खेळाडूच्या ताब्यात आला. त्याआधी नशिबाचाच भाग मोठा. न्यूयॉर्क शहराने 1942 मध्ये पिनबॉलवर जुगार म्हणून घातलेली बंदी थेट 1976 मध्ये उठवली.

सगळ्यांत नाजूक असते ती समोरची चित्रांची काच. रंग काचेच्या मागच्या बाजूला छापलेला असतो. बल्बची उष्णता आणि तळघरातली ओल यांनी त्याचे पोपडे सुटतात. कृपया मागून फडके मुळीच फिरवू नका. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासूनच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांत बॅटरी असते. ती गळली की सर्किट बोर्ड खाते, म्हणून वीज तोडून जाणकाराकडून ती आधी काढून घ्या. आणि वायरिंगचा नकाशा फाटका असला तरी टाकू नका! रिलेवर (विजेने आपोआप उघडझाप होणाऱ्या स्विचांवर) चालणाऱ्या यंत्रातला बिघाड त्याच्याशिवाय शोधणे फार कठीण.

ठेवायला जागा नसेल, तर निदान एखाद्या संग्राहकाला विचारा. आमच्यातले बरेच जण स्वतः येऊन यंत्र उचलून नेतात.

– एक वाचक, फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया