रंगवलेल्या छायाचित्राखाली तसे स्पष्ट लिहावे

संपादक महोदय,

जयंती-पुण्यतिथीच्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून आणि समाजमाध्यमांवर एकोणिसाव्या शतकातील माणसांची रंगीत छायाचित्रे हल्ली सर्रास दिसतात. मूळ छायाचित्र कृष्णधवल असून रंग मागाहून, बहुधा संगणकाकडून, भरून घेतले आहेत, असा उल्लेख मात्र त्यांखाली क्वचितच असतो. तो असायलाच हवा, कारण ऐतिहासिक छायाचित्रात भरलेला प्रत्येक रंग हे वस्तुस्थितीविषयीचे विधान असते आणि त्याला पुरावा लागतो.

असा पुरावा करड्या छटांमध्येच दडलेला असतो, हा समज चुकीचा आहे. त्या काळी छायाचित्र ज्यांवर उमटे त्या काचेच्या प्लेटा निळ्या-जांभळ्या प्रकाशाला संवेदनशील होत्या, तांबड्याला जवळजवळ नव्हत्याच; त्यामुळे निळे आकाश पांढरे उमटे आणि लाल पगडी काळी. विशिष्ट रंगद्रव्ये मिसळून प्लेटेची ही मर्यादा कमी करता येते, हे जर्मन रसायनतज्ज्ञ हर्मान फोगेल यांनी 1873 मध्ये दाखवले, तरी सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या प्लेटा बाजारात यायला 1906 साल उजाडले. संगणकाला यातले काहीच ठाऊक नसते. तो असंख्य आधुनिक छायाचित्रांवरून सर्वांत संभाव्य रंग निवडतो, आणि म्हणूनच त्याने रंगवलेले कपडे पुष्कळदा मातकट तपकिरी निघतात.

आपल्या समाजात ही चूक केवळ दिसण्यापुरती राहत नाही. केशवपन झालेल्या विधवेच्या अंगावरचे तांबडे आलवण आणि सवाशिणीचे हिरवे लुगडे, दोन्ही जुन्या प्लेटेवर सारखीच गडद उमटू शकतात. तिथे अंदाजाने रंग भरणारा त्या स्त्रीचे सौभाग्य किंवा वैधव्यच ठरवून टाकतो आणि तिने जे आयुष्यभर सोसले तेही नकळत पुसून टाकतो.

जाणूनबुजून केलेली ढवळाढवळ तर याहून गंभीर आहे. कंबोडियातील तुओल स्लेंग तुरुंगात 1970 च्या दशकातील ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीने ज्यांचा छळ करून बळी घेतला, त्यांची छायाचित्रे एप्रिल 2021 मध्ये एका परदेशी संकेतस्थळावर रंगवून प्रसिद्ध झाली. त्यांपैकी काही चेहऱ्यांवर मूळ छायाचित्रात नसलेले हसू आणले होते. कंबोडियाच्या संस्कृती मंत्रालयाने तीव्र निषेध केल्यावर ती काढून टाकण्यात आली.

माझा विरोध रंगवण्याच्या कलेला नाही. आपल्याकडच्या स्टुडिओंमध्ये कुंचल्याने छायाचित्रे रंगवण्याची जुनी परंपरा आहे, आणि तिथे समोर बसलेल्या माणसाची वस्त्रे स्टुडिओतल्या माणसांनी प्रत्यक्ष पाहिलेली असत. आज तो आधार नसल्यामुळे संग्रहालयांतील वस्त्रे, समकालीन वर्णने, तसेच फ्रेंच बँकर आल्बेर कान यांच्या छायाचित्रकाराने 1913-14 च्या सुमारास भारतात घेतलेल्या ऑटोक्रोम या सुरुवातीच्या रंगीत छायाचित्रण-पद्धतीच्या अस्सल प्लेटा पडताळूनच रंग ठरवावे लागतात. हे काम वेळखाऊ आहे. चांगले कलावंत ते निष्ठेने करतात आणि त्यांना त्याचे श्रेय मिळायला हवे.

आपल्या दैनिकाने यापुढे रंगवलेल्या छायाचित्राशेजारी मूळ कृष्णधवल प्रत छापावी, रंग कोणी आणि कशाच्या आधारे भरले ते खाली नमूद करावे आणि आधार नसेल तेथे मूळ प्रतच वापरावी, ही विनंती. दैनिकाच्या संग्रहातही रंगीत प्रत मूळ छायाचित्राच्या जागी न ठेवता स्वतंत्र नोंदीने ठेवावी.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा