टर्फ आहे, मुलींना वेळ नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुलींच्या हॉकीला मागणीच नाही, असं पुण्यात सर्रास ऐकू येतं. शाळेत मुलींना हॉकी शिकवणारी प्रशिक्षिका म्हणून मला हे अजिबात मान्य नाही. पाचवी-सहावीतल्या मुली हौसेनं स्टिक हातात घेतात. गळती लागते ती आठवी-नववीत, आणि तिचं मोठं कारण मैदानाच्या वेळापत्रकात आहे.

दुपारची टळटळीत उन्हाची वेळ मुलींना आणि शाळा सुटल्यानंतरची वेळ मुलांना नि क्लबांना, ही वाटणी मी एकाहून अधिक मैदानांवर पाहिली आहे. बदल मागायला गेलं की 'सातनंतर या, दिवे असतात' असं सांगतात. सातला सराव सुरू झाला तर मुलगी घरी कधी पोचणार? बसस्टॉपपासून घरापर्यंतच्या रस्त्याची धास्ती आईवडिलांना वाटते, ती खोटी आहे असं मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगू? मुलांना तीच वेळ चालून जाते. त्यामुळे साडेचार ते साडेसहा हे दोन तास मुलींच्या हातातून गेले की खेळच गेला. मग आम्ही शाळेच्या मातीवर सराव करतो. मातीवर चेंडू उसळतो, अडखळतो. टर्फवर, म्हणजे पाणी मारलेल्या कृत्रिम गवताच्या मैदानावर, तो सुसाट येतो. थेट सामन्याच्या दिवशीच टर्फवर उतरलेल्या मुलीचं स्टॉपिंग, म्हणजे स्टिकनं चेंडू अडवणं, चुकणारच. त्यावर 'मुलींना जमत नाही' असा शेरा मारणं अन्यायाचं आहे.

आणि हे बोललं जातं कुठं, तर एलिझा नेल्सन यांच्या पुण्यात! १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये महिला हॉकीचा पहिल्यांदा समावेश झाला आणि त्यांच्या नेतृत्वाखाली भारतानं सुवर्णपदक जिंकलं. अलीकडचं उदाहरण वैष्णवी फाळकेचं. फलटण तालुक्यातल्या आसू गावची ही मुलगी पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडली आणि हांगझोच्या एशियाडमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या संघात खेळली. मार्च २०२४ मध्ये महिलांची वरिष्ठ गटाची राष्ट्रीय स्पर्धा पिंपरीत नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर झाली, तेव्हा महाराष्ट्राच्या मुलींनी अंतिम फेरी गाठली होती.

वेळेची वाटणी कायद्यानं बदलता येते, हे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यानं दाखवलं आहे. तिथली हॉकी बर्फावरची, पण अडचण हीच होती. १९९४ मध्ये त्या राज्यानं सार्वजनिक मालकीच्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानांवर, मोक्याच्या वेळेतला वाटा मुलींच्या संघांसाठी ठरवून दिला: पहिल्या हंगामात १५ टक्क्यांपर्यंत, पुढच्या वर्षी ३०, त्यानंतर ५०. मोक्याची वेळ म्हणजे कोणते तास, हेसुद्धा कायद्यातच लिहिलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण 'समान वेळ' एवढंच म्हटलं तर भर दुपारचे तास मोजूनही हिशोब जुळवता येतो. त्याच वर्षी तिथं मुलींच्या हॉकीला शालेय खेळ म्हणून मान्यता मिळाली आणि १९९५ मध्ये शाळांची पहिली राज्य स्पर्धा झाली.

आपल्याकडचे टर्फही जनतेच्या पैशातून झाले आहेत. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी आपापल्या मैदानांवर सोमवार ते शुक्रवार साडेचार ते साडेसहा यातली निम्मी वेळ शाळकरी मुलींसाठी राखून ठेवावी. मुलींचे संघ आले नाहीत तर ती वेळ खुशाल इतरांना द्यावी, पण आधी विचारणा मुलींना व्हावी. कपडे बदलायला कडी लागणारी खोली आणि पाणी येणारं स्वच्छतागृह हवं, हे खरं तर वेगळं मागावंही लागू नये.

दुसरी मागणी वयोगटाची. शाळांच्या नेहरू चषक हॉकी स्पर्धेत मुलांना १५ आणि १७ वर्षांखालील असे दोन गट, मुलींना मात्र १७ वर्षांखालील एकच, ही रीत आम्ही वर्षानुवर्षं पाहिली. सहावीतल्या मुलीनं दहावीतल्या मुलींसमोर उभं राहायचं, नाहीतर चार वर्षं बाकावर बसायचं. तोवर तिचा क्लास सुरू होतो आणि ती परत येत नाही. निदान शहर पातळीवर तरी मुलींचा लहान गट दरवर्षी खेळवावा. सुरुवातीला चारच शाळा आल्या तरी चालेल, पण 'संघ कमी' म्हणून स्पर्धा रद्द करू नये. तसंच कोणत्या मैदानावर कोणते तास कुणाला दिले, याचा तक्ता दर महिन्याला फाटकावर लावावा, म्हणजे पालकांना तो स्वतः वाचता येईल.

आपली,
एक शालेय हॉकी प्रशिक्षिका, खडकी, पुणे