समुद्रतळाच्या चिकणमातीबद्दल पृथ्वीविज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय पृथ्वीविज्ञान मंत्री यांस,
स.न.वि.वि.

डिसेंबर २०२४ मध्ये हिंदी महासागरात साडेचार हजार मीटर खोलीवरच्या जिवंत उष्ण झऱ्याची छायाचित्रे आपल्या शास्त्रज्ञांनी टिपली. गोव्यातल्या वास्कोचे ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्र आणि चेन्नईची सागरी तंत्रज्ञान संस्था यांचे ते काम. बातम्या वाचताना ऊर भरून आला. पण मी वाचलेल्या प्रत्येक बातमीत तांबे, जस्त, सोने, चांदी एवढेच होते. मातीबद्दल अवाक्षर नव्हते, म्हणून हे पत्र.

भूविज्ञान शिकवताना मी वर्गात नेहमी एक प्रश्न टाकायचो. काळ्या रानाला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा का पडतात? उत्तर आहे स्मेक्टाइट. पाणी प्यायले की फुगणारे, वाळले की आकसणारे हे मातीतले खनिज. याच कुळातली भावंडे समुद्रतळाच्या झऱ्यांखालीही तयार होतात. दगडही तोच, बेसॉल्ट. फक्त आपल्याकडे काम केले पाऊस-उन्हाने, आणि तिथे कढत समुद्राच्या पाण्याने.

भेगांतून खाली उतरणारे थंड समुद्रपाणी तापू लागते, तेव्हा त्यातले मॅग्नेशियम दगडात अडकते. त्यातून मातीतली खनिजे बनतात: कमी तापमानात सॅपोनाइट, दोनशे अंशांपलीकडे क्लोराइट. किलोभर समुद्रपाण्यात साधारण १.३ ग्रॅम मॅग्नेशियम असते, आणि ३५० अंशांचा झरा वर येतो तेव्हा ते जवळपास शून्यावर आलेले असते. हे इतके पक्के आहे की नमुन्यात थोडे समुद्रपाणी मिसळलेच, तर मॅग्नेशियम मोजून मूळ झऱ्याचे पाणी कसे होते याचा हिशेब मांडतात. मात्र खरी गंमत पुढे आहे. मॅग्नेशियम मातीत शिरताना पाण्यातला हायड्रॉक्सिल सोबत नेते आणि मागे आम्ल उरते. हेच गरम, खारट, आम्लधर्मी पाणी दगडातून तांबे, जस्त, लोखंड ओढून काढते. म्हणजे ज्या धातूंसाठी आपण हा खटाटोप करतो, त्यांच्या कथेची सुरुवात मातीपासून होते.

समुद्रतळावरच्या धातूंच्या शोधासाठी आपल्याला २०१६ च्या करारात मध्य व नैऋत्य हिंदी महासागरी पर्वतरांगांवर दहा हजार चौरस किलोमीटरचे क्षेत्र मिळाले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कार्ल्सबर्ग रांगेसाठी दुसरा करार झाला. एवढ्या विस्तारात धूर ओकणारे झरे सापडणे त्यातल्या त्यात सोपे, कारण त्यांचा धूर, म्हणजे खनिजकणांनी गढुळलेले पाणी, दूरवर मागमूस ठेवतो. विझलेल्या, गाळाखाली गेलेल्या झऱ्यांचे काय? जपानच्या कुरोको खाणींत खनिजसाठ्याभोवतीची माती आतून बाहेर कशी बदलत जाते, हे भूवैज्ञानिकांनी फार पूर्वीच नोंदवले. समुद्रातही तीच खूण कामाची. क्लोराइट दिसले की इथून कढत पाणी गेले. हिरवट-पिवळे नॉन्ट्रोनाइट, म्हणजे लोहयुक्त स्मेक्टाइट, मात्र कोमट पाण्याची साक्ष देते. त्या मातीतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंवरून) ती कोणत्या तापमानाला बनली याचा अंदाजही येतो. असा तापमापक फुकट हाती येत असताना तो धुऊन टाकायचा का?

आणि हो, जिवंत झरे शोधून काढले तरी ते खणू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. हिंदी महासागरातल्या काइरेईसारख्या झऱ्यांवर लोहयुक्त खवले अंगावर बाळगणारी एक गोगलगाय राहते. खोल समुद्रातल्या खाणकामाच्या धोक्यामुळे २०१९ मध्ये तिची नोंद संकटग्रस्त यादीत झाली. खणायचेच असेल तर विझलेल्या जागा बघा, आणि त्या ओळखायला मातीच लागणार.

माझे मागणे मोठे नाही. मोहिमेवर काढलेल्या प्रत्येक कोअरमधला (समुद्रतळातून नळीने काढलेल्या उभ्या नमुन्यातला) चिकणमातीचा भाग जहाजावरच हवाबंद, नायट्रोजनमध्ये ठेवण्याचा नियम करा. लोहयुक्त ताज्या सॅपोनाइटला हवा लागली की लोह गंजते आणि निळसर-हिरवा रंग तपकिरी होतो, मग ते समुद्रतळावर कसे होते हे प्रयोगशाळेत कळत नाही. दुसरे, हे नमुने गोव्यातच एका कायमस्वरूपी भांडारात ठेवा आणि त्यांची क्ष-किरण विवर्तन (खनिज ओळखण्याची पद्धत) व समस्थानिक मोजमापे ठरावीक काळानंतर सर्वांना खुली करा. विद्यापीठांतल्या मुलांना ती पाहता यावीत. आमच्या काळी आम्ही समुद्रतळाचा बेसॉल्ट पुस्तकातल्या काळ्या-पांढऱ्या फोटोत पाहिला.

२०२१ मध्ये मंजूर झालेल्या डीप ओशन मिशनला, म्हणजे खोल समुद्राच्या शोधाच्या सरकारी मोहिमेला, पाच वर्षांसाठी ४०७७ कोटी रुपये मिळाले. हवाबंद पिशव्या आणि शीतकपाटे यांचा खर्च त्यात शोधूनही सापडणार नाही. पुढच्या मोहिमेच्या साहित्याच्या यादीत त्यांची एक ओळ टाकायला आपण सांगावे, ही विनंती.

आपला,
भूविज्ञानाचा एक निवृत्त शिक्षक