बॅटरी डिकीत हलवताना जोड तपासा

महोदय,

गाडीला आग लागली की बातमीत बहुधा 'शॉर्ट सर्किट' एवढेच छापून येते. बॅटरी बॉनेटखालून डिकीत हलवलेल्या गाडीत धोके मात्र दोन असतात आणि दोन्हींचा इलाज वेगळा आहे.

मोठा अँप्लिफायर बसवायचा असतो, रॅलीची गाडी तयार करायची असते किंवा बॉनेटखाली जागा नसते, म्हणून बॅटरी मागे नेतात. मूळ केबल जेमतेम दोन-तीन फुटांची. मग तिला दुसरा तुकडा जोडायचा, तारा एकमेकींत पिळायच्या आणि वर काळी टेप गुंडाळायची, असा प्रकार सर्रास चालतो. पहिला धोका हा जोडच. त्याचा रोध (रेझिस्टन्स) फक्त ५ मिलिओहम धरला, तरी सेल्फ मारताना २०० अँपिअर गेले की तिथे १ व्होल्ट खर्ची पडतो आणि २०० वॅट उष्णता निघते. सोल्डरिंगची साधी इस्त्री २५ ते ६० वॅटची असते! सेल्फचे काम दोन-तीन सेकंदांत आटोपते, हे खरे. पण मागे अँप्लिफायर असेल तर अल्टरनेटरचा करंट त्याच जोडातून तासन्‌तास जात राहतो. तांबे काळे पडते, रोध वाढतो, जोड आणखी तापतो. करंट मर्यादेतच असल्याने फ्यूज काही उडत नाही. 'फ्यूज टाकलाय, आता काळजी नको' हे म्हणूनच अर्धेच खरे.

उत्तम उपाय म्हणजे मधे जोडच नको. बॅटरीपासून पुढपर्यंत एकसंध केबल टाकावी आणि मूळ बॅटरीच्या जागी, बॉनेटखाली, इन्सुलेटेड बैठकीवरचा एम-८ किंवा एम-१० चा स्टड (८ किंवा १० मिमीचा, आटे असलेला उभा बोल्ट) बसवून तिथेच जुनी आणि नवी केबल थिंबलने (केबलच्या टोकाला बसवायच्या, भोक असलेल्या धातूच्या तुकड्याने) जोडावी. दोन्ही थिंबले एकमेकांना थेट भिडलेली हवीत. त्यांच्या मधे वॉशर घालणारे बरेच भेटतात, पण त्याची जागा वर, नटाखाली. स्टडवर रबरी टोपी हवी. कार्पेटखाली किंवा दाराच्या उंबऱ्यात जोड लपवू नये. तापला तर कळणारही नाही.

थिंबल कथिल चढवलेले, तांब्याचे आणि केबलच्याच मापाचे घ्यावे. ३५ स्क्वेअर एमएमच्या (हे आतल्या तांब्याच्या छेदाचे क्षेत्रफळ) केबलला ५० चे थिंबल घालून हातोड्याने चेपणे किंवा थिंबलात बसावी म्हणून तारा छाटणे, दोन्ही वर्ज्य. हायड्रॉलिक क्रिंपरने (थिंबल केबलवर दाबून बसवणाऱ्या पकडीने) योग्य डाय (मापाचा साचा) लावून दाबावे, जोराने ओढून पाहावे आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवावी. नुसता डाख (सोल्डर) देऊन भागत नाही. सोल्डर तारांत वर चढतो, तेवढा भाग ताठ होतो आणि गाडीच्या थरथरीने तारा त्याच्या कडेला तुटतात. शिवाय नेहमीचा कथिल-शिशाचा डाख १८३ अंशांच्या आसपास वितळू लागतो.

छोट्या पेट्रोल गाडीला पाचेक मीटर अंतरासाठी ३५ स्क्वेअर एमएम, डिझेलला ५० किंवा अधिक. केबल तांब्याची आहे ना, हे एक तार खरवडून पाहावे. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम.

दुसरा धोका म्हणजे केबल पत्र्यावर घासून सोलली जाणे. तिथे फ्यूजच वाचवतो, पण तो बॅटरीच्या धन टर्मिनलपासून दीड फुटाच्या आत असेल तरच. पुढे बॉनेटमध्ये बसवलेला फ्यूज मधल्या केबलला वाचवत नाही. ३५ च्या केबलला १५० ते २०० अँपिअरचा मेगा फ्यूज बहुधा पुरतो. पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेवर बसणारी कडी) हवे आणि केबल सायलेन्सरच्या व पेट्रोलच्या नळीपासून दूर हवी. बीएमडब्ल्यूच्या अनेक मॉडेलमध्ये कंपनीच बॅटरी मागे ठेवते, पण तिथे जोराचा अपघात झाला की धन टर्मिनलवरची छोटी स्फोटक कळ पुढे जाणारी केबल तोडते. बाहेर करून घेतलेल्या कामात ती नसते.

अर्थिंगकडे हटकून दुर्लक्ष होते. ऋण केबलही तेवढ्याच जाडीची हवी. रंग खरवडून ती जाड पत्र्यावर बोल्टने आवळावी आणि इंजिनपासून बॉडीपर्यंतची पट्टीही जाड करावी. नाहीतर सेल्फचा करंट क्लचच्या तारेतून परतू पाहतो आणि ती तार तापते.

डिकीत सीएनजीची टाकी असेल तर बॅटरी तिथे नेऊच नये. नसेल तरी साध्या ॲसिडच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. ती बंद पेटीत, बाहेर नळी काढून आणि पट्ट्याने घट्ट बांधून ठेवावी. काम सुरू करताना ऋण टर्मिनल आधी सोडावे, जोडताना शेवटी लावावे.

पैसे देण्याआधी एक करा. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मल्टिमीटरची टोके जोडाच्या दोन्ही बाजूंच्या धातूला लावा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर तो जोड कापून पुन्हा करून घ्या.

– एक ऑटो इलेक्ट्रिशियन, चिंचवड