मला पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्या समुपदेशक मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

घराबाहेर पडण्याच्या भीतीने मी सदाशिव पेठेतल्या एका खोलीत चौदा महिने काढले. काम लॅपटॉपवर, किराणा दारात आणि बहीण व्हिडिओ कॉलवर, त्यामुळे आपण आजारी आहोत हे उमगायलाच उशीर झाला. कचेरीचा आग्रह कॅमेरा सुरू ठेवण्याचा. दिवसचे दिवस पडद्याच्या कोपऱ्यातला स्वतःचा चेहरा पाहून तो परका वाटू लागला, आणि कोणी नाव घेतले की ते त्या चौकोनातल्या बाईचे आहे, माझे नव्हे, असे वाटे.

एका रात्री टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला आणि त्यांच्या सल्ल्याने तुमच्यापर्यंत पोहोचले. तीव्र चिंतेत मन असे अलिप्त होते, हे वेड नव्हे, असे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलेत. बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल यांनी १८७१ मध्ये मोकळे चौक ओलांडता न येणाऱ्या रुग्णांचे वर्णन करून या भीतीला ‘अगोराफोबिया’ हे नाव दिले, हेही तुमच्याकडूनच कळले. माझ्या त्रासाला इतके जुने नाव आहे, याचा केवढा आधार वाटला!

तुम्ही फोनला दोष दिला नाहीत. पडद्यावरचा माझा चेहरा तेवढा झाकायला लावलात आणि त्याच फोनवरून कानाशी राहून आधी उंबरठा, मग जिना, मग फाटक, असे मला बाहेर काढलेत. नकाशातला निळा ठिपका मध्यभागीच राहतो आणि रस्ते त्याच्याभोवती सरकतात. मलाही आपण हललोच नाही असे वाटे. म्हणून तुम्ही नकाशा बंद करायला सांगून विचारलेत, “डाव्या हाताला काय आहे?” गिरणी होती. गरम पिठाचा वास येत होता आणि माझ्या मुठीत कुंपणाची लोखंडी सळई होती. “भीती ओसरेपर्यंत थांबा. आत्ता परत फिरलात तर तीच खरी ठरेल,” असे म्हणून तुम्ही एकोणीस मिनिटे फोन न ठेवता, एक शब्दही न बोलता माझ्यासोबत थांबलात. त्या मिनिटांबद्दल आभार कोणत्या शब्दांत मानावेत, हे मला अजून सुचलेले नाही.

गेल्या रविवारी फोन घरी ठेवून मी नागनाथ पाराकडून भिकारदास मारुतीपर्यंत एकटी चालत गेले. वाटेत एका आजींनी पेरुगेटचा रस्ता विचारला, आणि मी हात करून दिशा दाखवली.

आपली कृतज्ञ,
एक रुग्ण