कुमानो कोदोच्या वाटेवरच्या त्या आजींना

जपानमधल्या कुमानो कोदो या जुन्या तीर्थयात्रेच्या वाटेवर ताकिजिरीपासून होंगूच्या देवळापर्यंत दर ५०० मीटरला एक, असे पंचाहत्तर खांब मोजत जायचं ठरवलं होतं. बैल आणि घोडा अशा दोघांवर बसलेल्या ग्यूबा-दोजीच्या चिमुकल्या मूर्तीला हात जोडले, चिकात्सुयु गावाकडे उतरायला लागले आणि शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकला. भर पावसात घोटा मुरगळला. (चूक माझीच, झिजलेले बूट घालून गेले होते.)

मागून एक आजी-आजोबा आले. "दाइजोबु?" (ठीक आहेस ना?) आजींनी विचारलं. मी "आई गं!" म्हणाले. त्यांना बरोबर कळलं. गळ्यातला पंचा काढून त्यांनी घोट्याला करकचून बांधला आणि डबीतलं एक उमेबोशी, म्हणजे मिठात मुरवलेलं जपानी फळ, माझ्या तोंडात घातलं. इतकं आंबट-खारट, की मुरलेलं लिंबाचं लोणचंही त्यापुढे फिकं! आजोबांनी माझी सॅक पोटावर अडकवली, स्वतःची बांबूची काठी मला दिली आणि गावापर्यंत माझ्या चालीनं उतरले.

नाव विचारायचं राहूनच गेलं. आजी, आजोबा, मनापासून आभार. खालच्या वळणावर छोटा ट्रक थांबवून मला मुक्कामी पोचवणाऱ्या काकांचेही. निळ्या लाटांचा तो पंचा धुऊन जपून ठेवलाय.